काचेवरच्या लाल काड्या

तुमच्या हातात आत्ता ती झाकणाची प्लास्टिकची डबी असेल, आणि "सकाळी उठल्या उठल्या यात थुंकी घेऊन या" असं सांगून कुणी तुम्हाला घरी धाडलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही. मला टीबी झाला होता. झाला आणि बराही झाला. आज मी पंचवटीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत मशीनवर बसून पहिल्यासारखी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना उगाच जीव टांगणीला लागायला नको. माझा लागला होता तेवढा पुरे.

खोकला

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कामाला उसंत नसते. घरोघरी बस्ते बांधले जातात आणि साड्यांचे गठ्ठे दारात येऊन पडतात. त्या वर्षी खोकलाही त्यांच्याबरोबरच आला. कापडाची बारीक तूस नाकातोंडात जाते, त्यामुळे आमच्या धंद्यात खोकल्याचं कुणाला नवल नाही. मीही मनावर घेतलं नाही.

माझी मुलगी मनू तेव्हा नऊएक महिन्यांची होती. मशीनशेजारी गोधडीवर बसलेली असायची. मी खोकले की ती चिमुकली मूठ तोंडाशी न्यायची आणि मान पुढे करून "खुक्" करायची, अगदी माझ्यासारखी. आम्ही पोट धरून हसायचो. माझ्या सासूबाई निफाडकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. त्या म्हणायच्या, "बघ बघ, आयची नक्कल करती! लय वांड पोर हाय." मग मी मुद्दाम खोकून दाखवायची आणि ती परत करायची. आमचा तो खेळच झाला होता.

पुढे संध्याकाळी अंग मोडून यायला लागलं. रोज बारीक ताप यायचा. माझंच ब्लाउज मी दोनदा आत घेतलं. शेजारणी म्हणायच्या, "शोभा, बाळंतपणानंतर छान बारीक झालीस गं!" आणि मी खुळी खूश व्हायची.

पहिली डबी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एका लॅबची चिठ्ठी दिली आणि पहिल्यांदा ती डबी माझ्या हातात आली. आता माझी अक्कल ऐका.

लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी एक नियम सांगितला होता, "सुनंचा आवाज उंबऱ्याभाईर जायला नाय पायजे." हसायचं हळू, शिंकायचं हळू, खोकायचं तोंडाला पदर लावून. पुरुष सकाळी मोरीत घसा खाकरून अख्खी आळी जागी करतील, त्यांना कोण काय बोलणार? पण बाईनं खाकरून थुंकायचं म्हणजे, अगं बाई, ही काय रीत झाली!

तेव्हा मी काय केलं, ती डबी आधी साबणानं स्वच्छ घासली आणि उन्हात वाळवली. सकाळी दात घासले, चुळांवर चुळा भरल्या आणि मोरीचं दार लावून, आवाज न करता, त्यात पांढरीशुभ्र लाळ सोडली. पाहुण्यांपुढे फुलपात्र ठेवावं तशी ती डबी लॅबच्या टेबलावर ठेवली. घाण दिली असं कुणी म्हणायला नको ना!

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, जंतू नाहीत. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कंपनीतून येताना जिलेबी आणली. मी खोकत खोकत खाल्ली. पुढचा महिनाभर मी लाल, हिरवी, पिवळी अशी सगळी औषधं प्याले, आणि मनू माझ्या कुशीत, माझ्या श्वासाला श्वास लावून झोपत राहिली. आज सगळं चांगलं झालंय, तरी हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं होतं.

मग एका सकाळी रुमालावर रक्ताचा धागा दिसला. सासूबाईंनी तो पाहिला आणि पायात चपला सरकवल्या. "चल," म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात."

पगारेभाऊ

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो निघाला. तिथल्या डॉक्टरबाई हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "फोटोत डाग दिसतोय, पण फोटोवर मी भागवत नाही. थुंकी पुन्हा तपासू." मी त्यांना पहिला रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि मला व्हरांड्याच्या टोकाला लॅबमध्ये पाठवलं.

तिथे तपासणी करणारे पगारेभाऊ होते. सडपातळ, चष्मेवाले, आणि बोटांची टोकं लालगुलाबी. मला वाटलं, एवढा बाप्या माणूस बोटाला अळता लावतो की काय! मी तिथल्या तिथे दिलेली डबी त्यांनी उजेडात तिरकी करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ताई, ही लाळ आहे. मला लाळेचं काय काम? जंतू छातीत असतात. तिथला बेडका पाहिजे. घट्ट, पिवळा, बघून शिसारी यावी असा."

मी मान खाली घालून म्हटलं, "भाऊ, घरात माणसं असतात हो. खाकरायचं कसं?"

"मागचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हाही असंच दिलं होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "पुष्कळ बायका हेच करतात," एवढंच म्हणाले. "मी कितीही चांगला रंग दिला तरी काचेवर जे नाहीच ते मला दिसणार कसं?" आणि त्यांनी दुसरी डबी दिली.

सासूबाई शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या.  मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या सासूबाईंनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं. थंडी अशी की दात वाजत होते. गोदावरीकडून धुकं वर येत होतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं पाणी तापवत होती, आमच्याकडे बघत होती.

"हां. खाकर," सासूबाई म्हणाल्या.

मी पदर तोंडाला लावून जरा घसा साफ केला.

"ह्याला खाकरनं म्हंत्यात? मांजर शिंकलं जनू! पदर काढ त्यो. श्वास घे मोठा. अजून घे. आता प्वाटातनं काढ!"

"आई, लोक बघतायत."

"बघूंद्या! त्यांच्या बापाचं काय जातंय? नातीची आय हायेस तू माझ्या. आगं काढ ना आवाज!"

आणि माझं बावळटासारखं तोंड बघून त्यांनी स्वतः कमरेवर हात ठेवून, सगळी पंचवटी जागी होईल असं खाकरून दाखवलं. पलीकडच्या गच्चीवरचा माणूस बादली ठेवून बघतच राहिला. मला हसू फुटलं, हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि त्या उबळीत छातीच्या पार तळातून जे यायचं होतं ते आलं. सासूबाईंनी डबी पुढे धरली, आत डोकावून पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "झ्याक!"

माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

रंग

त्या दिवशी डबी देऊन मी आणि सासूबाई तिथेच थांबलो. पगारेभाऊ आतल्या खोलीत काम करत होते, दार उघडं होतं. मला रंगाचा वास आला आणि राहवलं नाही. "भाऊ, काय रंगवताय?" म्हणून विचारलं.

"तुमचीच थुंकी," ते म्हणाले. "दारातूनच बघा, आत येऊ नका."

त्यांनी काडीनं काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर पसरला, वाळवला आणि काच आचेवरून फिरवली. मग तिच्यावर लाल रंग ओतला आणि खालून ज्योत धरली. वाफ निघाली की ज्योत बाजूला, पुन्हा खाली, पुन्हा बाजूला. उकळू द्यायचं नाही म्हणाले. मग काच पाण्यानं धुतली आणि तिच्यावर ॲसिड सोडलं. सगळा लाल रंग वाहून गेला.

मी म्हटलं, "अहो, गेला की सगळा!"

"ज्याचा जायचा त्याचा गेला," ते म्हणाले. "टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं. आच दिल्यावर रंग एकदा आत शिरला की ॲसिडलाही दाद देत नाही. बाकी सगळं पांढरं पडतं, तो लाल राहतो. आता वरून निळा देतो, म्हणजे लाल उठून दिसेल."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. रंगाचीच तर माझी रोजीरोटी आहे. नव्या साडीला फॉल लावायच्या आधी मी पदराचं आतलं टोक ओलं करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघते. कच्चा रंग लगेच चिंधीला लागतो, पक्का जागचा हलत नाही. पक्का रंग म्हणजे चांगला, हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय. तिथे दारात उभी राहून मी पहिल्यांदाच देवाला म्हटलं, माझा कच्चा निघू दे.

पगारेभाऊ बराच वेळ त्यांच्या त्या दुर्बिणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकात, डोळा लावून बसले. मग उठले आणि मला म्हणाले, "डॉक्टरबाईंकडे चला. त्याच सांगतील."

"मला आधी बघू द्या," मी म्हटलं. "माझं आहे ना ते?"

त्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या दारात आल्याच होत्या. म्हणाल्या, "बघू दे तिला. बघितलं की गोळ्या चुकवणार नाही."

फिक्या निळ्या रंगावर लाल काड्या होत्या. बारीक, जराशा वाकड्या, कुठे एकेक, कुठे शेवयांसारखा गुंता. खोटं कशाला बोलू, दिसायला सुंदर होत्या. अशी साडी कुणी आणली असती तर मी कौतुकानं हात फिरवला असता. आणि मग डोक्यात शिरलं की हे माझ्या छातीत आहे, आणि माझ्या छातीला माझी मनू आहे.  मी मागे सरकले ती थेट मागे उभ्या असलेल्या सासूबाईंच्या अंगावर.

मनू दिंडोरीला

डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं होतं. दुधातून हा रोग जात नाही, खोकल्यातून जातो. तोंड बांधून बाळाला जवळ घेता येईल, बाळाला रोग होऊ नये म्हणून तिलाही गोळी सुरू करू. मनूला तपासलं, ती ठणठणीत होती. पण घरी आल्यावर मीच धीर सोडला. ज्या काड्या मी पाहिल्या होत्या त्या डोळ्यांपुढून जाईनात. मनूनं माझ्याकडे बघून "खुक्" केलं आणि मी किंचाळले, "घेऊन जा हिला!"

माझी आई दिंडोरीजवळ राहते. ह्यांनी मनूला तिच्याकडे नेऊन ठेवलं. काच जेव्हा निळीच्या निळी दिसेल, एकही लाल काडी नसेल, तेव्हा मनू परत येईल, असं ठरलं. डॉक्टरबाई पुढे कितीदा म्हणाल्या, आता भेट, आता धोका राहिला नाही. मी गेले नाही. तुम्ही माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. भीतीला कान नसतात एवढंच मी सांगते.

छाती दुधानं दगड व्हायची. मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि नळ सोडून रडायची. रडण्याचा आवाज तेवढा मी उंबऱ्याआत ठेवला.

गोळ्या

दिवसाआड दवाखान्यात जाऊन सिस्टरसमोर मूठभर गोळ्या गिळायच्या, असा नेम होता. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली आणि मी बोंब ठोकली. सासूबाई धावत आल्या. मग आठवलं, सिस्टर बोलली होती, गोळीचा रंग आहे म्हणून. "आता तुझीच काच केली त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट दिवसांतही आम्ही दोघी मोरीच्या दारात बसून हसलो.

सगळंच गोड नव्हतं. माझं ताट वेगळं झालं. पेल्याला सासूबाईंनी लाल दोरा बांधला, कुणी चुकून वापरू नये म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, ताटवाटीनं काही होत नाही. त्यावर सासूबाई, "त्यांचं खरं हाय, पर माझं मन नाय मानत." ह्यांच्याशी माझी भांडणं व्हायची. ते दर रविवारी मनूकडे जाऊन यायचे आणि तिच्याविषयी काही सांगायचे नाहीत, मला त्रास होईल म्हणून. मला ते न सांगणंच जास्त लागायचं. एकदा मी ओरडले तेव्हा म्हणाले, "धरून धरून उभी राहते." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आळीत सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, सुनेला न्युमोनिया झालाय. साड्या येणं तरीही थांबलं. फक्त समोरच्या फुलं विकणाऱ्या माळीणबाई, जनाक्का, एक साडी घेऊन आल्या आणि दारातच ठेवून म्हणाल्या, "घाई नाय. तू उठशील तवा कर." टीबीच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती साडी मशीनवर ठेवलेली बघून मला गोळ्या गिळायचा हुरूप यायचा.

दोन महिन्यांनी

खोकला गेला, ताप गेला, भूक इतकी लागायला लागली की सासूबाई म्हणाल्या, "डबा लपवून ठिवावा लागंल." दोन महिने झाल्यावर पुन्हा थुंकी तपासायची होती. आता मी गच्चीवर अशी खाकरायची की शेजारी घड्याळं लावतील. मनूसाठी लाल झबलं शिवून ठेवलं होतं.

पगारेभाऊ दुर्बिणीवरून उठले आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"थोड्या आहेत अजून," ते म्हणाले.

मी भांडलेच. म्हटलं, "तुमचं ॲसिड नीट लागलं नसेल. रंग नीट धुतला नसेल. पुन्हा करा." हो, त्यांच्या कामात चूक काढली मी. त्यांनी नवी काच घेतली, माझ्यासमोर पुन्हा थर पसरला, आच दिली, धुतलं, निळं दिलं. मग मला जवळ बोलावलं. "आधी बघाल तिथं गुंता होता ना? आता शोधा बरं."

मी शोधत राहिले. निळं, निळं, सगळं निळं, आणि मग कडेला एक लाल काडी. एकटीच. मी तिच्याकडे बघून तिला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

"पळापळ झालीय त्यांची," पगारेभाऊ म्हणाले. "हरलेल्यांना बघून रडता काय, ताई?"

डॉक्टरबाईंनी जोरातल्या गोळ्या आणखी महिनाभर वाढवल्या. लाल झबलं मी घडी करून ठेवलं.

निळं

महिन्यानं मी काचेपाशी गेलेच नाही. बाकावर डोळे मिटून बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. खूप वेळ गेला. आणि मग पगारेभाऊंचा आवाज आला, "आजी, तुम्ही बघता का?"

सासूबाईंनी चष्मा वर केला, एक डोळा मिटला आणि दुर्बिणीला डोळा लावला. "मला तर काय बी दिसंना," त्या म्हणाल्या. "नुसतं निळं हाय."

"तेवढंच असतं बघायचं," पगारेभाऊ म्हणाले.

सासूबाईंनी त्यांचे रंगलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. म्हणाले, "गोळ्या मध्येच सोडू नका म्हणजे झालं. अजून बरेच महिने आहेत." मी एकही चुकवली नाही. पुढची प्रत्येक काच निळीच आली.

खोक की

दुसऱ्याच दिवशी आई मनूला घेऊन आली. दिंडोरीच्या जीपमधून उतरली तेव्हा मनूच्या केसांत धूळ होती आणि ती चालत होती. माझी मनू चालत होती! मी पायरीवर बसून हात पसरले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आजीच्या नऊवारीच्या ओच्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं.

मी नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या, झबलं दाखवलं. मशीन चालवून दाखवलं. ती आजीला सोडेना. माझा जीव वाचला होता आणि माझी लेक मला ओळखत नव्हती. एवढ्यासाठी का त्या गोळ्या गिळल्या, असंही क्षणभर मनात आलं. मी पदर तोंडाला लावून, आवाज न करता रडायला लागले.

सासूबाई दारातून बघत होत्या. "त्यो पदर काढ," म्हणाल्या. "खोक की जराशी."

"आई?"

"अगं खोक! ती तुला कशानं वळखायची, इसरलीस का?"

मी खोकायला गेले. खोकला येईचना! महिनोन् महिने ज्यानं छळलं तो आता शोधूनही सापडेना. छाती मोकळी होती. शेवटी नाटकात खोकतात तसं, मूठ तोंडाशी नेऊन, खोटं खोटं खोकले.

मनूचं रडं थांबलं. तिनं आजीच्या ओच्यातून एक डोळा बाहेर काढला. मी पुन्हा खोकले. तिनं डोळे पुसता पुसता मूठ तोंडाशी नेली, मान पुढे केली.

"खुक्," ती म्हणाली, आणि चालत माझ्याकडे आली.